बैल न शिरलेली आमराई

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी सहकाऱ्यांनी मला शाल, नारळ आणि एक खुरपं दिलं. खुरप्याची कल्पना कुणाची होती ते मला ठाऊक आहे आणि त्या बाईंशी मी बरेच दिवस बोलले नाही. वर्गात मी पोरांना सारखं म्हणायचे, "नुसतं पाठ करू नका, मातीत हात घालून बघा." त्याचा हा सूड होता. कारण मी स्वतः उभ्या नोकरीत खडूशिवाय कशाला हात लावलेला नव्हता.

पण मी पडले हट्टी. त्याच आठवड्यात जाहीर केलं की यापुढे बाजारातली भाजी घरात येणार नाही, सगळं माळवं आपल्या रानातलं खायचं. आमचे हे तेव्हा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "कोणत्या रानातलं?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच राग आला. आमच्याकडे रान म्हणावं असं काही नाही. गेवराईहून उमापूरकडे जाताना रस्त्याला लागून सव्वा एकराची आमराई आहे, एवढंच. सासऱ्यांच्या वडिलांनी ती लावली आणि लावताना बहुतेक पुढे झाडं मोठी होतात हे ते विसरले. आंबे एकमेकांना खेटून, मधे दोन चिंचा, कडेनं लिंब. मे महिन्यात भर दुपारी तिथं घोंगडी टाकून झोपावं अशी सावली. आमच्या यांनी नोकरीत असतानाच कडेला तीन खोल्या बांधल्या होत्या. हे वीज खात्यात लाइनमन होते. मी निवृत्त झाले आणि आम्ही दोघं आणि सासूबाई गावातलं भाड्याचं घर सोडून तिथं राहायला आलो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

पहिल्या पावसाळ्यात मी टमाटे, वांगी, गवार, मिरची, जे पाकीट दिसलं ते आणून झाडांखाली लावलं. सगळं उगवलं. मग दहावीतली पोरं वाढतात तसं नुसतं उंचीला वाढत गेलं. टमाट्याची झाडं माझ्या छातीला लागली, पण त्यांना टमाटे लागले नाहीत. वांगं एकच आलं, लिंबाएवढं. मी ते देवापुढं ठेवलं, कारण त्याचं दुसरं काही करता येत नव्हतं.

शेजारच्या शेतकऱ्यानं बांधावरून बघितलं. हा आमच्या यांचा लहानपणापासूनचा दोस्त. बैलजोडी अजून बाळगून असलेला आमच्या शिवारातला बहुधा शेवटचा माणूस. म्हणाला, "बाई, सावलीला माणूस बसतंय. माळवं बसत न्हाई."

"बघू की," मी म्हटलं.

"बघा. पर टमाटे लागले तर सांगा, येळंला कामा येतील," तो म्हणाला आणि यांच्याकडं बघून डोळा मारला. मी त्याला चहा दिला, पण साखर कमी घातली.

त्याच पावसाळ्यात ऋषिपंचमी आली. आत्याबाई हे व्रत लग्न झाल्यापासून करतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. नांगरलेल्या, वखरलेल्या रानातलं धान्य चालत नाही, भाजी चालत नाही. माणसानं हातानं लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढं चालतं. पाणथळीत आपसूक येतो तो देवभात बाजारात छोट्या पुड्यांत मिळतो, तो खायचा. भाजी मात्र बाजारची चालत नाही. ती कुठल्या रानातली, कुणी नांगरलेली, काय सांगावं? मी एकदा म्हटलं होतं, "आत्याबाई, आता सगळीकडं ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टर कुठं बैल आहे?" तर म्हणाल्या, "नांगरट टॅक्टरनं, पर कोळपणी कशानं करतेत? इच्यारून आलीस का?" विचारून आले नव्हते. त्यामुळं गावातल्या घरात त्या कितीतरी वर्षं पंचमीला नुसता देवभात आणि म्हशीचं दही खात होत्या.

मी हे व्रत धरलं नाही. नवी नवरी होते तेव्हा त्याची कहाणी ऐकली. पाळीत शिवाशिव झाली, त्याचं पाप लागलं, ते फेडायला हा उपास. मी ताडकन म्हटलं होतं, "पाळीचं कसलं पाप? मी नाही करणार." आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "नको करू." मला वाटलं, मी जिंकले.

तर त्या पंचमीला आत्याबाई आमराईत बाजेवर बसून देवभात खात होत्या. खाता खाता त्यांनी वर बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि हात थांबवला. "इथं बैल कधी शिरला न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"झाडाझाडात जागाच कुठं हाय औत फिरवायला? तुज्या आजेसासऱ्यानं खड्डे बी कुदळीनं घेतलते. ही सारी जागा हातची हाय." मग त्या माझ्याकडं वळल्या. "पुढल्या साली मी उद्यापन करते. व्रत सोडायचं तर जेवू घालून सोडावं. माज्याबरोबर पंचमी धरणाऱ्या सात जणी हायेत, त्यांला बोलावते. ह्या जागंतली भाजी खाऊ घालू. तुज्या हातची."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. व्रत मला मान्य नव्हतं, पण मागणं मान्य होतं. मी हो म्हटलं. हे सगळं बोलणं झालं तेव्हा आमचे हे शेजारीच बसले होते, मोबाईलवर क्रिकेट बघत. आईनं "ऐकलं का रे?" विचारल्यावर "हं, हं," म्हणाले. हे "हं, हं" पुढे आम्हाला फार महागात पडलं.

फाल्गुनात अवकाळीचं वादळ झालं आणि रस्त्याकडचे दोन आंबे मुळासकट पडले. आत्याबाई रडल्या. मीही तोंड पाडून उभी राहिले, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. कारण दोन आंब्यांच्या जागी लांबट पट्टाभर ऊन येऊन पडलं होतं, आणि त्या जागेत पहिल्यांदा उन्हानं माती पांढरी दिसत होती.

आता कामाला शिस्त हवी होती. मी जुनं हजेरीपुस्तक काढलं आणि उन्हाची हजेरी घ्यायला लागले. सकाळी सातपासून दर तासाला फिरायचं, जिथं जिथं ऊन पडलंय तिथं चुन्यानं गोल करायचा आणि वहीत लिहायचं: चिंचेखाली गैरहजर, न्हाणीमागं अर्धा तास हजर, पट्ट्यात सहा तास हजर. चार दिवसांत सगळी आमराई पांढऱ्या गोलांनी भरली. मला अभिमान वाटत होता.

आमराईतून एक पायवाट जाते. तिथून रोज शेळ्या घेऊन जाणारी एक मावशी होती. ती दिसेनाशी झाली. मग दूध घालणारा फाटकाबाहेरूनच हाक मारायला लागला. मला काही उलगडा होईना. शेवटी शेजारी आला, गोलांच्या बाहेर उभा राहिला आणि यांना म्हणाला, "काय बे लाइनमन, वैनी भानामती करती का काय? सारं गाव म्हणतंय, शाळेच्या बाई चिंचेखाली चुन्याची रिंगणं काढत्यात आन् वहीत कायतरी लिवत्यात."

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र तरातरा मावशीच्या घरी गेले, हजेरीपुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. पण तिनं निरखून बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "उनाची हजेरी? बाई, रिटायर झाल्यावर असं होतंय का माणसाला?" दुसऱ्या दिवसापासून शेळ्या पुन्हा आमराईतून जायला लागल्या. खतही तिचंच ठरलं. कारण आत्याबाईंनी आधीच बजावलं होतं, "बैलाचं शेण नको. ते बी त्येच्याच पोटातलं. लेंडीखत घाल."

मग मी त्या उन्हाच्या पट्ट्यात खणायला घेतलं. कुदळ उचलायची, मारायची, दम खायचा. दोन आठवड्यांत जेमतेम तिसरा हिस्सा झाला आणि कंबर धरली. हे म्हणायचे, "अगं, काहून मरायलीस? माणसं लाव की." मी म्हणायचे, "माझ्या हातची म्हटलंय त्यांनी." माझा हट्ट, दुसरं काय.

वैशाखात आत्याबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी त्यांना घेऊन बीडला गेले, दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी परत आलो. त्यांच्या डोळ्यावर काळा चष्मा, पायाखालचं धड दिसत नव्हतं. हे फाटकात उभे, तोंडभर हसत.

"बघ तर," म्हणाले.

मी बघितलं. उन्हाचा सगळा पट्टा एकसारखा, भुसभुशीत, काळाभोर. आणि त्यात ठसठशीत खुरं उमटलेली.

"शेजाऱ्याला म्हटलं, आण बे जोडी. अर्ध्या तासात मोकळं केलं. तुझी कंबर वाचली का न्हाई?" किती प्रेमानं विचारत होते! मी आयुष्यात एवढा राग गिळलेला नाही. साठी उलटलेला माणूस, दर पंचमीला आईपुढं देवभात बघितलेला, आणि आई त्या दिवशी काय खात नाही, का खात नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्यांना घराच्या मागं नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "आता?" म्हणाले.

"आता काही नाही. त्यांना दिसलेलं नाही. आपण बोलायचं नाही," मी म्हटलं. माझा हिशोब सरळ होता. व्रतावर माझा विश्वास नाही, भाजीला बैल कळत नाही, म्हातारीच्या मनासारखं होतंय. कुणाचं काय बिघडलं? मी दंताळ्यानं खुरं मोडली आणि पट्ट्याला बोराट्यांचं कुंपणसुद्धा घातलं. बैल गेला अन् झोपा केला, तो असा.

मिरगाला भेंडी, गवार, चवळी टोकली. आठ दिवसांत अशी तरारून आली की मला शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यासारखं वाटलं. आत्याबाईंचा चष्मा निघाला होता. त्या रोज काठी टेकत पट्ट्यापाशी जायच्या, वाकून भेंडीच्या पानांवरून हात फिरवायच्या. एके दिवशी त्यांच्या सातांपैकी तिघी डोळा कसा आहे ते बघायला आल्या. आत्याबाईंनी त्यांना पट्ट्यापाशी नेलं. मी चहा घेऊन मागं उभी होते.

"बघा," त्या सांगत होत्या. "बैलाचं खूर बी लागलेलं न्हाई हितं. माज्या सुनंनं कुदळीनं खणलंय सारं. कंबर मोडून घेतली, पर औत लावू दिलं न्हाई."

तिघी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मला तो ट्रे खाली टाकून पळून जावंसं वाटलं. खोट्या मार्कांवर कुणी पाठ थोपटावी तसं झालं. त्या गेल्या, आणि मी आत्याबाईंच्या बाजेपाशी जाऊन बसले. म्हटलं, "आत्याबाई, औत लागलंय." सगळं सांगितलं. यांनी काय केलं ते, आणि मी काय लपवलं ते. माझं जास्त सांगितलं, कारण चूक माझी मोठी होती. यांनी न कळून केलं होतं, मी कळून.

मला वाटलं, आता रडतील, किंवा उद्यापन नको म्हणतील. त्यांनी विचारलं, "कवा नांगरलं? सकाळी का दुपारी?"

"दुपारी बहुतेक."

"वैशाखातल्या दुपारी," त्या म्हणाल्या. "पाणी तरी पाजलं का त्येंला?"

मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या माहेरी एक बैल होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना त्या रानात भाकरी घेऊन गेल्या, तर तो औताला जुंपलेला असतानाच गुडघ्यावर बसला. वडिलांनी आधी मारलं, मग सोडलं, मग ते स्वतःच रडायला लागले. बैल उठला नाही. "त्या साली जवारी लई पिकली," आत्याबाई म्हणाल्या. "मला भाकर गिळंना. माय म्हणली, वरीसभर तर खावंच लागतंय, एक दिवस नको खाऊ."

"मग ते पाळीचं, पापाचं?"

"ते कहानीत हाय. मी कवा म्हणले पाळीसाठी करते म्हणून? तू इच्यारलंस का?"

नाही विचारलं. पस्तीस वर्षं एका घरात राहून नाही विचारलं. मी आमच्या यांच्यावर मनातून इतकी चिडले होते आणि मी स्वतः काय वेगळं केलं होतं? मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आत्याबाईंनी काठी उचलली आणि आमराईच्या आतल्या भागाकडं रोखली. "रडून आळू येणार हाय का? अजून दोन म्हयने हायेत. तिकडं बैल शिरू शकत न्हाई. तिकडं लाव."

तिकडं, म्हणजे जिथं माझ्या वहीत सगळीकडं "गैरहजर" लिहिलं होतं. न्हाणीचं पाणी जातं तिथं मी अळू लावला. अळूला ऊन नको असतं, हे मला पाकिटांच्या नादात सुचलंच नव्हतं. माठ फेकला, तो विरळ आला पण आला. उकिरड्याच्या कडेला लिंबाच्या बुडाशी तांबड्या भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवला होता, मी त्याला दोनदा उपटायला निघाले होते. तो आता घरातला पाहुणा झाला. पण दोडका, काकडी? त्यांना ऊन हवंच.

हे दोन दिवस झाडांकडं वर बघत फिरले. मग माळ्यावरून त्यांची जुनी अवजारं काढली. शिडी लावून या आंब्यावरून त्या लिंबावर, तिथून घराच्या छपरावर, जिथं फांद्यांमधून ऊन उतरतं त्या उंचीला तारा ओढल्या. खांबावर ओढायचे तशाच, ताठ, आणि खोडाला घासू नये म्हणून खाली गोणपाट गुंडाळून. प्रत्येक तारेवरून सुतळ्या खाली सोडल्या. "ऊन खाली येत नसेल तर वेल वर जाऊ दे," म्हणाले. खणलंही त्यांनीच, कुदळीनं, एकेक आळं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू बस. ही माझी सजा हाय."

वेलांना ते पटलं. श्रावणात दोडके माणसाच्या डोक्यावर लोंबायला लागले. शेजारी रोज येऊन मान वर करून बघायचा. म्हणायचा, "काय बे, करंट सोडलास का ह्यात?"

पंचमीच्या सकाळी सातही जणी आल्या. सगळ्यांत धाकटी अडुसष्ट वर्षांची. त्यांना आमराईत सतरंजीवर बसवलं, आणि मग लक्षात आलं की भोपळा राहिला. वेल लिंबावर चढून गेला होता आणि एकुलता एक भोपळा दोन पुरुष उंचीवर फांदीच्या बेचक्यात बसला होता. हे शिडी चढले. खाली सात म्हाताऱ्या, आठव्या आत्याबाई, सगळ्या एकदम सूचना देत होत्या. "संभाळून रं!" "डाव्या हातानं धर!" "आरं देठ राहू दी!" कितीतरी वादळांत खांबावर चढलेला हा माणूस त्या आवाजानं घाबरला. शेवटी भोपळा कमरेच्या पट्ट्यात अडकवून खाली आला, तेव्हा सातही जणींनी टाळ्या वाजवल्या. यांचं तोंड लाल झालं होतं. इतके देखणे मला ते बऱ्याच वर्षांत दिसले नव्हते.

अळू, माठ, दोडका, काकडी, भोपळा, झाडाची चिंच, सगळं एका पातेल्यात शिजलं. देवभाताबरोबर पानात वाढलं. आत्याबाईंनी पहिला घास घेतला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. आणि भाजी पुन्हा वाढून घेतली. मग आणखी एकदा घेतली.

बायका गेल्यावर त्यांनी मला दुरडी आणायला लावली. नांगरलेल्या पट्ट्यातली भेंडी, गवार, चवळी, जेवढी निघेल तेवढी तोडायला लावली. आम्ही तिघं शेजाऱ्याच्या गोठ्यावर गेलो. पोळा पाचच दिवसांपूर्वी झाला होता, बैलांच्या शिंगांना अजून हिंगूळ होता. आत्याबाईंनी दुरडी त्यांच्यापुढं धरली. "घ्या. तुमच्या कष्टाचं तुमाला," म्हणाल्या. बैलांनी मूठभरही मागं ठेवली नाही. शेजाऱ्यानं ते बघितलं. मग त्यानं पाण्याची बादली भरून आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेंडी केली, मागाहून तोडलेली, त्याच पट्ट्यातली. आत्याबाईंना वाढावी की नाही अशा विचारात डाव हातात धरून उभी होते.

त्यांनी ताट पुढं सरकवलं. "वाढ की," म्हणाल्या. "सुट्टी काल होती त्येंची."